मेरी स्वयंपाकीण आणि मी

गुडघ्याचं ऑपरेशन ठरलं तेव्हा रक्त, लघवी, ईसीजी, छातीचा फोटो हे सगळं होणार याची कल्पना होती. नाकाचं त्यात काय काम, ते मात्र कळलं नाही. नर्सबाईंनी टोकाला कापूस लावलेली एक काडी माझ्या दोन्ही नाकपुड्यांत फिरवली, नळीत घातली, नळीवर नाव लिहिलं आणि म्हणाल्या, "झालं मावशी." तीन दिवसांनी डॉक्टरांचा फोन आला. माझ्या नाकात 'एमआरएसए' नावाचे जंतू निघाले होते, नेहमीच्या अँटिबायोटिकांना दाद न देणारे.

"पण डॉक्टर, मला तर साधी सर्दीसुद्धा नाही," मी म्हणाले.

"नसणारच. तुम्ही निरोगीच आहात. हे तुमच्याकडे नुसते राहायला आलेत. ऑपरेशनच्या जखमेत शिरले तर मात्र त्रास देतील, म्हणून आधी त्यांना घालवायचं."

मग पाच दिवस नाकात मलम, पाच दिवस औषधी द्रावणाची अंघोळ, रोज धुतलेला टॉवेल, रोज बदललेला उशीचा अभ्रा. हे सगळं सोपं. कठीण होतं ते घरात सांगणं. धाकटी लेक आठव्या महिन्यात होती, पहिल्या बाळंतपणाला माहेरी आली होती. तिच्यासाठी डिंक, खारीक, खोबरं आणून ठेवलेलं. जाऊबाई तशा मायाळू, त्या एवढंच म्हणाल्या, "आक्का, चार दिवस स्वयंपाकाचं मी बघते की. तुम्ही आपलं बसून राहा." संध्याकाळी पाणी प्यायला गेले तर माझा पेला सगळ्या भांड्यांपासून वेगळा, खिडकीच्या कट्ट्यावर पालथा घातलेला.

रागावायचं तरी कुणावर? आमच्या घरात पाणी गाळून पिण्याची रीत पिढ्यान् पिढ्यांची. डोळ्यांना न दिसणारे जीव असतात हे आम्हाला लहानपणी शाळेच्या आधी कळतं. पण ते पाण्यात, मुळात, ओल्या भिंतीवर. आपल्याच नाकात बिऱ्हाड करून राहिलेत, आणि त्यांच्यामुळे लेकीला, येणाऱ्या बाळाला भय, हे काही पचनी पडेना. त्या पेल्याकडे बघताना मला मेरी मॅलनची आठवण झाली. तिची हकिकत मी फार वर्षांपूर्वी वाचली होती आणि खरं सांगायचं तर तेव्हा मला ती बाई दुष्ट वाटली होती.

मेरी १८६९ साली आयर्लंडमधल्या कुक्सटाऊन गावी जन्मली. वयात येता येताच अमेरिकेला गेली आणि न्यूयॉर्कच्या श्रीमंत घरांत स्वयंपाकीण झाली. मोलकरणींच्या कामात स्वयंपाकिणीचं काम मानाचं, पगारही बरा, आणि तिच्या हाताला चव होती म्हणतात. १९०६ च्या उन्हाळ्यात वॉरन नावाच्या बँकवाल्याने ऑयस्टर बे इथे हवा बदलायला घर भाड्याने घेतलं. घरात ११ माणसं, त्यातली ६ टायफॉइडने आडवी झाली. टायफॉइड म्हणजे तेव्हा गरिबांच्या वस्तीतला, घाणीतला रोग. तो इथे कसा? घरमालकाला धास्ती पडली, कारण असं नाव झालेलं घर पुढच्या वर्षी कोण घेणार? त्याने जॉर्ज सोपर नावाच्या इंजिनिअरला शोध घ्यायला लावलं. सोपरने विहीर, संडास, दूध सगळं तपासलं. शेवटी त्याचं लक्ष गेलं ते रोग सुरू होण्याच्या थोडंच आधी लागलेल्या आणि नंतर निघून गेलेल्या स्वयंपाकिणीकडे. शिजवलेल्या अन्नातून जंतू जात नाहीत, आचेवर मरतात. पण त्या घरात एका रविवारी तिने ताज्या पीच फळांच्या फोडी घातलेलं आइस्क्रीम केलं होतं. फळं हाताने चिरलेली, वर आच नाही.

सोपरने तिचा मागचा सगळा माग काढला. तिने जिथे काम केलं अशा आठ घरांपैकी सातांत टायफॉइड झालेला होता. १९०७ च्या मार्चमध्ये तो पार्क अव्हेन्यूवरच्या एका घरात तिच्यापुढे उभा राहिला, तोसुद्धा थेट तिच्या स्वयंपाकघरात, आणि म्हणाला, तुमचं मल, मूत्र, रक्त तपासायला द्या. आता सांगा बघू, कुणी परका पुरुष ओट्यापाशी येऊन असं म्हणाला तर आपण काय करू? मेरीने मांस कापताना वापरायचा काटा उचलला आणि त्याच्या अंगावर धावून गेली. तो पळाला.

मग पाठवलं ते डॉक्टर जोसेफिन बेकर या बाईंना, बरोबर पोलीस. पुढे या बेकरबाईंनी न्यूयॉर्कच्या तान्ह्या बाळांसाठी एवढं काम केलं की त्यांच्याबद्दल माझ्या मनात आदरच आहे. पण त्या दिवशीचं त्यांचं काम ओखटं होतं. मेरी लपून बसली. घर आणि शेजारचं आवार मिळून कित्येक तास शोधाशोध झाली. शेवटी एका दारात अडकलेला तिच्या कपड्याचा निळा तुकडा दिसला म्हणून ती सापडली. तिला उचलून गाडीत घातलं आणि दवाखाना येईपर्यंत बेकरबाई तिच्या अंगावर बसून राहिल्या. तपासणीत जंतू निघाले. तिला नॉर्थ ब्रदर नावाच्या बेटावर एका छोट्या घरात ठेवलं. तिथे तिचे १६३ नमुने तपासले, त्यांतल्या १२० मध्ये टायफॉइडचे जंतू होते.

या बाईला शेवटपर्यंत एक गोष्ट पटली नाही, आणि ती का पटली नाही ते मला त्या कट्ट्यावरच्या पेल्यापाशी कळलं. तिला कधी ताप आलेला आठवत नव्हता. ती धडधाकट होती. रोगी नसलेल्या माणसाला रोगाबद्दल कोंडतात हे तिला कोणत्याच रीतीने समजण्यासारखं नव्हतं. निरोगी दिसणारं माणूस टायफॉइड पसरवू शकतं असं रॉबर्ट कॉख यांनी जर्मनीत १९०२ सालीच सांगितलं होतं. पण १९०७ मध्ये ती बातमी अमेरिकेतल्या डॉक्टरांनासुद्धा नवी होती. आयरिश स्वयंपाकिणीला कोण सांगणार? पित्ताशयात जंतू दडतात, तेव्हा पित्ताशय काढून टाकू, असं तिला सांगण्यात आलं. ती नाही म्हणाली. त्या काळच्या ऑपरेशनची गत पाहता तिचं चुकलं असं मला वाटत नाही.

१९०९ मध्ये ती कोर्टात गेली, हरली. १९१० मध्ये पुन्हा स्वयंपाक करणार नाही या वचनावर तिला सोडलं. कपडे धुण्याचं काम दिलं. धुण्याचे पैसे स्वयंपाकाच्या मानाने कमी. काही दिवसांनी ती नाहीशी झाली, आणि १९१५ मध्ये न्यूयॉर्कच्या स्लोन हॉस्पिटलमध्ये २५ जणांना टायफॉइड झाला, दोघांचा जीव गेला. हे हॉस्पिटल बाळंतिणींचं. 'मिसेस ब्राउन' नावाने तिथे राबणारी स्वयंपाकीण मेरीच होती. या ठिकाणी माझी तिच्याबद्दलची माया आटते. सांगितलेलं होतं, वचन घेतलं होतं, आणि बाळंतिणींच्या ताटापाशी ती गेली. पण असंही वाटतं, पाच वर्षांत तिला दुसरं पोटापुरतं काम शिकवायचं कुणी मनावर घेतलं नाही. तिला पुन्हा बेटावर नेलं ते कायमचंच. ११ नोव्हेंबर १९३८ ला ती तिथेच वारली. सगळी मिळून २६ वर्षं तिने एकटीने काढली. पुढे पुढे तिथल्याच प्रयोगशाळेत ती मदतनीस म्हणून काम करी.

ज्युडिथ लेविट या इतिहासकार बाईंनी मेरीवर पुस्तक लिहिलंय, त्यात एक गोष्ट आहे ती वाचून मी चष्मा काढून ठेवला. मेरी गेली तेव्हा न्यूयॉर्कच्या दप्तरी तिच्यासारखे ४०० च्या वर निरोगी वाहक नोंदलेले होते. काहींनी तिच्याहून जास्त लोकांना रोग दिला होता. त्यांतल्या कुणालाच जन्मभर कोंडलं नाही. घरची, बायकामुलांची माणसं म्हणून पुरुषांना समजून घेतलं गेलं. मेरी एकटी, परदेशी, कामवाली, वर तोंडाळ. 'टायफॉइड मेरी' हे नाव तिला मिळालं ते आजही शिवीसारखं वापरतात.

मेरीच्या जंतूंवर तेव्हा औषधच नव्हतं. पुढची गोष्ट औषध आल्यानंतरची, आणि ती माझ्या नाकापर्यंत येते.

पेनिसिलिन सापडलं १९२८ साली, ते सगळ्यांना माहीत आहे. १९४५ मध्ये नोबेल घेताना फ्लेमिंगसाहेबांनी जे भाषण केलं ते कमी लोकांना माहीत असतं. त्यात त्यांनी एका काल्पनिक गृहस्थाची गोष्ट सांगितली. त्याचा घसा दुखतो, तो आपल्याच मनाने थोडं पेनिसिलिन घेतो, जंतू मरत नाहीत पण शहाणे होतात. मग ते बायकोला लागतात, तिला न्यूमोनिया होतो, पेनिसिलिन चालत नाही आणि ती दगावते. नवरा बरा, बायको मेली! गोष्ट रचलेली असली तरी रचणाऱ्याला संसार ठाऊक होता म्हणायचं.

इथे एक गैरसमज काढून टाकते, कारण तो आमच्या मंडळातल्या शिकलेल्या बायकांतही आहे. 'शरीराला औषधाची सवय होते' असं आपण म्हणतो. सवय शरीराला होत नाही. बदलतात ते जंतू. लाखोंत एखादा आधीच वेगळा असतो. औषधाने बाकीचे मेले की त्याला सगळं रान मोकळं.

लंडनच्या हॅमरस्मिथ हॉस्पिटलात मेरी बार्बर नावाच्या डॉक्टरबाई होत्या (ही दुसरी मेरी). गळवं, जखमा पिकवणारे जे स्टॅफिलोकॉकस जंतू, त्यांच्यावर त्यांची नजर होती. १९४६ मध्ये त्यांच्याकडच्या रुग्णांत पेनिसिलिनला न जुमानणारे असे जंतू १४ टक्क्यांच्या आसपास होते. १९४७ मध्ये ३८ टक्के, १९४८ मध्ये ५९ टक्के. दोन वर्षांत केवढी ही चढण! हे जंतू राहायचे कुठे, तर बहुतेक वेळा धडधाकट माणसांच्या नाकात. नर्सेस आणि डॉक्टरांच्यासुद्धा. तीन माणसांत सुमारे एकाच्या नाकात साधे स्टॅफिलोकॉकस असतातच, त्यात रोग असा काही नाही. पण जिथे पेनिसिलिनचा पाऊस पडतो तिथे त्या नाकातलं बियाणं बदलतं. मग १९५९ च्या सुमारास मेथिसिलिन आलं, पेनिसिलिनला न भिणाऱ्या जंतूंसाठी मुद्दाम बनवलेलं. १९६१ मध्ये त्यालाही दाद न देणारे जंतू इंग्लंडमध्ये सापडल्याचं पॅट्रिशिया जेव्हन्स यांनी छापून टाकलं. माझ्या रिपोर्टवरच्या 'एमआरएसए'तला 'एम' तो मेथिसिलिनचा. म्हणजे माझ्या नाकातल्या पाहुण्यांचं घराणं माझ्या लग्नाच्याही आधीचं.

बार्बरबाई नुसत्या मोजत बसल्या नाहीत. १९५० नंतरच्या वर्षांत त्यांनी आपल्या हॉस्पिटलात औषधं वापरण्यावर बंधनं घातली, पेनिसिलिन ऊठसूट द्यायचं बंद केलं, आणि हट्टी जंतूंचं प्रमाण खरोखर खाली आलं. १९६० मध्ये ते प्रसिद्धही झालं. पाच वर्षांनी त्या मोटार अपघातात गेल्या.

त्याच हॉस्पिटलात नेओमी दत्ता होत्या. आडनाव वाचून तुम्हाला वाटलं असेल तेच खरं, त्यांचे यजमान प्रकाश दत्ता मूळचे आपल्याकडचे. १९५९ मध्ये तिथे जुलाबाची साथ आली, तेव्हाचे जंतू नेओमीबाईंनी जपून ठेवले. त्यांना दिसलं की काही जंतूंची ताकद एका जातीच्या जंतूकडून दुसऱ्या जातीच्या जंतूकडे चक्क हातोहात जाते. जपानी लोकांनी हे आव पडणाऱ्या रुग्णांत आधीच पाहिलं होतं. युरोपात १९६२ मध्ये ते दाखवलं नेओमीबाईंनी. मला हे समजलं ते लोणच्याच्या चिठ्ठीवरून. चांगल्या लोणच्याचं प्रमाण लिहिलेली चिठ्ठी या घरातून त्या घरात जाते की नाही? चिठ्ठी देणारी ब्राह्मण, घेणारी जैन, तिच्याकडून पुढे लिंगायत. जात आडवी येत नाही. आतड्यातल्या निरुपद्रवी जंतूकडे अशी चिठ्ठी असली तर तो आयुष्यभर कुणाला त्रास देणार नाही, पण एखाद्या दिवशी टायफॉइडचा जंतू शेजारी आला तर त्याला देऊन टाकील. १९७२ मध्ये केरळात कालिकतला नेमकं असंच झालं. टायफॉइडवरचं हुकमी औषध क्लोरॅम्फेनिकॉल चालेनासं झालं, आणि त्या जंतूंकडची चिठ्ठी दुसऱ्यांना देता येण्याजोगी निघाली.

धडधाकट लोकांच्या पोटात या चिठ्ठ्या कशा येतात ते अमेरिकेत स्टुअर्ट लेव्ही या डॉक्टरांनी एका शेतावर पाहिलं. ते १९७६ मध्ये छापून आलं. एक मोठं लेकुरवाळं कुटुंब, कोंबड्या पाळायचं ठरलं. काही कोंबड्यांच्या खाद्यात टेट्रासायक्लिन घातलं, काहींच्या नाही. कोंबड्या लवकर वाढाव्यात म्हणून असं औषध तिथे सर्रास घालत. आठवड्याभरात त्या कोंबड्यांच्या आतड्यात जवळजवळ सगळे जंतू टेट्रासायक्लिनला न जुमानणारे झाले. पाच-सहा महिन्यांत त्या घरच्या माणसांच्या पोटातही तेच. कुणी आजारी नाही, कुणी टेट्रासायक्लिन घेतलेलं नाही. शेजाऱ्यांच्या तपासणीत मात्र असे जंतू फारच कमी. मग औषधी खाद्य बंद केलं, आणि सहा महिन्यांत बहुतेकांच्या पोटातून ते गेले. मी स्वतः कोंबडी-अंड्याच्या वाटेला जात नाही, म्हणून मला वाटलं होतं की ही भानगड आमची नव्हे. पण गटारं, ओढे, भाजीवर मारलेलं पाणी हे कुणाचा आहार विचारत नाहीत.

आपल्या देशाची पाळी आली ती २०१० मध्ये. त्याच्या दोन वर्षं आधी दिल्लीत उपचार घेऊन स्वीडनला परतलेल्या एका रुग्णात असे जंतू मिळाले की ज्यांना शेवटची राखून ठेवलेली औषधंही चालत नव्हती. त्या ताकदीच्या चिठ्ठीला नाव दिलं 'एनडीएम', त्यातले पहिले दोन शब्द नवी दिल्ली. केवढा संताप झाला तेव्हा! संसदेतही विषय निघाला. राजधानीचं नाव रोगाला द्यायचं ही रीत वाईटच, 'टायफॉइड मेरी'सारखीच. पण २०११ मध्ये दिल्लीच्या नळाच्या पाण्याच्या ५० नमुन्यांपैकी २ मध्ये आणि रस्त्याकडेला साचलेल्या पाण्याच्या १७१ पैकी ५१ नमुन्यांत ती चिठ्ठी सापडली, ते नावावर रागावून जाणार नव्हतं. म्हणजे गोष्ट हॉस्पिटलच्या दाराबाहेर आली होती. स्वीडनच्याच लोकांनी परदेशी फिरायला जाणाऱ्या १०० धडधाकट माणसांची जाण्याआधी आणि आल्यावर तपासणी केली. २४ जण नवे हट्टी जंतू पोटात घेऊन आले. त्यांत भारतात येऊन गेलेले होते ८, आणि ८ पैकी ७ जणांना मिळाले. पाहुण्यांना आपण आणखी काय काय देतो बघा! पुढे हॉलंडच्या मोठ्या तपासणीत असंही दिसलं की परतलेल्यांच्या पोटातून हे जंतू बहुधा महिन्याभरात निघून जातात, मात्र दहातल्या एकाच्या पोटात वर्षानंतरही असतात.

हे सगळं मी ऑपरेशनच्या आधी, त्या पाच दिवसांत वाचून काढलं. आणि वाचता वाचता मला माझा डबा आठवला. बिस्किटांचा जुना पत्र्याचा डबा, कपाटात वरच्या फळीवर. त्यात उरलेल्या गोळ्या. कुणाला तीन दिवसांनी बरं वाटलं, दोन उरल्या. कुणाच्या दाढेच्या चार. घशात दुखतंय म्हणताच मी डबा काढायची, "घे, ही चांगली लागू पडते." आमच्या गल्लीत माझ्या डब्याचं नाव होतं. नवऱ्याला दिल्या, जाऊबाईंच्या पोरांना दिल्या, कामवालीच्या नातवाला तापात अर्धी गोळी पाण्यात चुरून दिली. व्हायरसच्या सर्दी-तापाला या गोळ्यांचा काडीचा उपयोग नसतो हे मला कुणी सांगितलं नव्हतं असं म्हणणार होते. पण लेकीने दोनदा सांगितलं होतं. मेरीने वचन मोडलं म्हणून मी तिला नावं ठेवत होते, आणि मला तर कुणी वचनसुद्धा मागितलं नव्हतं.

माझ्या नाकातले जंतू माझ्याच डब्यातून आले असं नाही, तसं कुणी सांगू शकत नाही. डॉक्टरांना विचारलं तर म्हणाले, दवाखान्यात नातेवाइकाला भेटायला गेलात तिथूनही येतात, घरातल्या कुणाकडूनही. तो दुसरा अर्धा भाग मी जाऊबाईंना सांगितला. त्यांनी थोडा वेळ विचार केला आणि विचारलं, "म्हणजे माझ्याही नाकात असतील काय हो?"

"असतील की. तपासलं कुणी?"

दुसऱ्या दिवशी पेला फळीवर परत आला.

डॉक्टरांना मी खरा प्रश्न शेवटी विचारला, दारात उभी राहून. बाळ झाल्यावर त्याला घेऊ ना? ते म्हणाले, हात साबणाने धुवा, हाताला जखम, गळू काही असलं तर तेवढे दिवस घेऊ नका, नाहीतर खुशाल घ्या. आईचं दूध पिणारं बाळ आहे, तुम्ही आजी आहात, टायफॉइड मेरी नव्हे. म्हणजे त्यांनाही ती ठाऊक होती.

ऑपरेशन नीट झालं. नाकाची पुन्हा तपासणी झाली तेव्हा काही निघालं नाही, पण परत येऊ शकतात म्हणाले. नात झाली तेव्हा मी काठी टेकत न्हाणीघरापर्यंत जात होते. डिंकाचे लाडू जाऊबाईंनी आणि मी मिळून वळले. डबा औषधांच्या दुकानात नेला. तिथला मुलगा म्हणाला, "मावशी, जुन्या गोळ्या आम्ही परत घेत नाही." आता लेबलावर लाल रेघ असते ती त्यानेच दाखवली, डॉक्टरांच्या चिठ्ठीशिवाय घ्यायच्या नाहीत त्या ह्या. आणि मी ते ऐकत असतानाच माझ्या शेजारच्या गृहस्थाने घशासाठी नाव सांगून तीन गोळ्या मागितल्या. मुलाने कात्रीने पट्टी कापून दिल्या. लाल रेघ अर्धी इकडे राहिली, अर्धी तिकडे गेली.

मी काही बोलले नाही. ते मनात राहिलंय. डबा अजून माझ्या कपाटात आहे, कारण या गोळ्या टाकायच्या कुठे ते मला गावात अजून कुणी सांगितलेलं नाही. संडासात नाही, केरात नाही, एवढं कळलंय. वर चिकटपट्टी लावून ठेवलाय.